कानाच्या दवाखान्यातला पडदा

मी एक जुना एलसीडी पडदा आहे आणि मित्रांनो, माझं डोकं आज ठिकाणावर नाही. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

आम्हा पडद्यांची जात एक, पण गुण वेगवेगळे. दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकांचा पातळ थर आणि मागे दिवा, एवढं सगळ्यांचं सारखं. मी टीएन जातीचा. स्वस्त आणि चपळ. टेबलावर ठेवा, समोर बसा, हिशेब करा नाहीतर गाड्यांच्या शर्यती खेळा, मी तक्रारीला जागा ठेवणार नाही. पण खालून पाहिलंत की माझा चेहरा काळवंडतो, अक्षरं पुसल्यासारखी होतात. तो माझा आळस नव्हे, माझी घडणच तशी. माझा भाऊ व्हीए, त्याचा काळा रंग खरा काळा. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघावा तर त्याच्यावर. आणि तिसरा भाऊ आयपीएस, तो खालून, बाजूनं, कुठूनही बघा, तसाच दिसतो. भिंतीवर टांगायचं ते त्याला.

हे सगळं संतोषकुमारनं सांगितलं होतं हो! बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर त्याचं दुकान. समोर गिऱ्हाईक होते शामसुंदर, एका कानाच्या दवाखान्याचे व्यवस्थापक. संतोषकुमारनं आम्हा तिघांना शेजारी लावलं, त्यांना खाली वाकून बघायलाही सांगितलं. शामसुंदर वाकले नाहीत.

"अण्णा, नुसता टोकन नंबर दाखवायचा. सिनेमा थोडाच लावायचाय? स्वल्प स्वस्तातला द्या."

"सर, भिंतीवर हा चालणार नाही."

"चालतो हो. सरी, ठरलं, बांधा!"

मला बांधलं. दवाखान्यात नेऊन पार छताजवळ ठोकलं, तेही भिंतीला सपाट. मान थोडी खाली झुकवली असती तरी निभावलं असतं, पण एवढा विचार करायला वेळ कुणाला? शामसुंदरांची खोली समोरच, अर्धा मजला वर. तिथल्या काचेतून मी त्यांना नाकासमोर दिसायचो. रोज चहा पिता पिता म्हणायचे, "कसा क्लिअर दिसतोय बघा!" ऐकून माझा जीव जळायचा. अहो, खाली उतरा ना एकदा!

खाली बाकांवर कोण बसायचं? ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं. त्यांना हाक मारून काय उपयोग? त्यांची सगळी भिस्त माझ्यावर, आणि मी त्यांच्याकडे काळं तोंड करून टांगलेला!

एका गुरुवारी ठकुबाई आली. मूळची निपाणीकडची, आता आनेकलला राहणारी, बोम्मसंद्र्याच्या एका पाळणाघरात मुलं सांभाळणारी. बहिरं माणूस मोठ्यानं बोलतं, त्यामुळं तिची गोष्ट सगळ्या हॉलला कळली. एक मूल पाठीमागं रडून रडून लाल झालं आणि तिला पत्ताच नव्हता. पाळणाघर चालवणाऱ्या महानंदाबाईंनी सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी कानात मशीन घालून ये. नाहीतर मी दुसरी बाई बघते." मशीन बसवणारे डॉक्टर येलहंक्याहून फक्त गुरुवारीच यायचे.

तिचं टोकन एकेचाळीस. ती माझ्याकडे टक लावून बसली. डोळे बारीक केले, पदरानं पुसले. शेवटी उठून रखवालदाराला विचारलं. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि तोंड फिरवलं. एकेचाळीस आला. मी तो जीव तोडून दाखवत होतो! आतून नावही पुकारलं, दोनदा. ठकुबाई बसूनच. बेचाळीस आला, त्रेचाळीस आला, डॉक्टर गाडीत बसून निघूनही गेले.

मग ती जिना चढून शामसुंदरांपुढं उभी राहिली.

"अक्का, स्क्रीनवर नंबर आला होता. लक्ष नको द्यायला?" ते ओरडून म्हणाले.

ठकुबाईनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. तिथून मी लख्ख दिसत होतो. तिच्या कपाळाची शीर ताठ झाली. तिनं शामसुंदरांचं मनगट धरलं, त्यांना खाली आणलं आणि बाकावर बसवलं.

"वाच आता. मी बहिरी हाय, आंधळी न्हाई!"

शामसुंदरांनी मान वर केली. मग थोडे डावीकडे सरकले, थोडे उजवीकडे. नंबर काही दिसेना. वाच की रे बाबा, मी मनात ओरडलो, कसा क्लिअर दिसतोय सांग!

दोन दिवसांत माझ्या जागी आयपीएस आला आणि मी नोंदणीच्या टेबलावर गेलो. इथं सगळे समोरून बघतात, चांगलं म्हणतात. त्या कौतुकाला काय चाटायचंय?

पुढच्या गुरुवारी ठकुबाईच्या कानात मशीन बसलं. शामसुंदर स्वतः तिच्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "आता येतंय ना ऐकू, अक्का?"

"येतंय की. पण ऐकू कुणाचं? पाळणाघरात दुसरी बाई लागली."

मित्रांनो, आम्ही पडदे बोलत नाही, म्हणून आमच्या वतीनं तुम्ही बोला. कुणी पडदा घ्यायला निघालं तर आधी त्याला विचारा, बघणारी माणसं बसणार कुठं? आणि दुकानदार वाकायला सांगेल, तेव्हा वाका.