दुसऱ्यांची शिल्लक

"खात्यात पैसे दिसतायत म्हणजे ते तुमचेच, बाई," असं म्हणून कॉलेजच्या मदतनिधीच्या खिडकीतल्या कारकुनाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "वर नाव तुमचं, सही तुमची. आता मी काय समजायचं, तुम्हीच सांगा."

बँकबाईने पडद्याकडे पाहिलं. नाव तिचंच होतं, खातंही तिचंच. पण त्या शिलकेतलं तिचं स्वतःचं म्हणावं एवढ्यात जेमतेम एका महिन्याचं घरभाडं निघालं असतं. बाकीचे सगळे पैसे नऊ जणींचे होते. शेजारी तिची मुलगी उभी होती. गुण भरपूर, औषधशास्त्राला प्रवेश मिळालेला, वसतिगृहातली खोलीसुद्धा नक्की झालेली. फक्त पत्रातून मंजूर झालेली मदत अपेक्षेच्या निम्मीही नव्हती, आणि का नव्हती हे विचारायला दोघी सकाळची बस पकडून इथवर आल्या होत्या.

बँकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, आणि बँकेशी तिचा संबंध पासबुक भरून घेण्यापुरताच. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर काम करायची. तिथल्या बायकांनी फार वर्षांपूर्वी ठरवलं होतं की पगार झाला की प्रत्येकीने जमेल तेवढं बाजूला टाकायचं आणि वर्षअखेर आपापलं उचलायचं. पैसा घरात ठेवला तर टिकत नाही, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. कुणाला नवरा होता, कुणाला दीर होता, कुणाला स्वतःचीच जीभ आवरत नव्हती. आधी ते पैसे एका पत्र्याच्या डब्यात राहायचे. तो डबा एकदा लॉकर फोडून कुणीतरी पळवला. किल्ली बँकबाईकडे होती, एवढाच तिचा दोष. तिने दोन वर्षं जादा पाळ्या केल्या आणि प्रत्येकीचं पै न् पै भरून दिलं. त्यानंतर पैसे बँकेत ठेवायचे ठरलं, तेव्हा कुणाच्या खात्यात हा प्रश्न कुणी काढलाच नाही. पैसे बँकेत गेले तरी नाव मात्र डबाच राहिलं.

अर्ज भरताना मुलीने विचारलं होतं, डब्याचे पैसे आपले नाहीत असं कुठे लिहायचं का. बँकबाईने तिला वेड्यात काढलं. खोली भाड्याने मिळाली ती मालकाने भरलेलं पासबुक पाहिलं म्हणून, आणि फ्रिजचा हप्ता मिळाला तोही त्याच्याच जोरावर. भरलेलं खातं दिसलं की समोरचा माणूस बसायला खुर्ची देतो, हे तिचं आयुष्यभराचं शहाणपण होतं. म्हणून तिने मुद्दाम वाटपाच्या तोंडावरचा हिशेब जोडायला लावला, कारण तेव्हा डबा काठोकाठ भरलेला असतो. पोरीला घेताना लोकांना कळू दे की ही माणसं उघड्यावर पडलेली नाहीत, असा तिचा विचार. नवरा गेल्यापासून एकटीने घर ओढणाऱ्या बाईला एवढी ऐट तरी नको का?

इथे मात्र सगळं शास्त्रच उलटं होतं. कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने एका जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलं. फी, खोली, जेवण, पुस्तकं, जाण्यायेण्याचं भाडं असा सगळा मिळून खर्च. त्यातून घरच्यांना जेवढं झेपेल असं कॉलेजला वाटतं तेवढं वजा. उरली ती गरज. आणि त्या गरजेतलाही काही भागच कॉलेज देणार, त्यातही थोडं कर्ज म्हणून.

"म्हणजे मला किती झेपतं ते तुम्ही ठरवणार?" बँकबाईने विचारलं.

"मी नाही हो. पगार आणि शिल्लक घातली की हा ठरवतो," कारकुनाने संगणकाकडे बोट दाखवलं. "पगार तुमचा कमीच आहे. सगळा घोळ शिलकेने केलाय. एवढे पैसे बाजूला असताना तुम्हाला पुरी मदत कशी मिळेल?"

त्याने वाटही सांगितली. ज्यांचे पैसे असतील त्या प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र आणायचं, पत्त्यासकट. ऑफिस प्रत्येकीच्या घरी पडताळणीचं पत्र पाठवणार. रक्कम खात्याशी पुरती जुळली पाहिजे. एकीचे जरी कमी पडले तरी पहिलाच निकाल कायम. मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. तोवर कागद किंवा उरलेले पैसे आले नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली. तिला वाटत होतं, संकट टळलं. बँकबाईलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात तिने गोष्ट काढली तेव्हा बायकांनी हातातली कामं टाकली. आपली पोरगी औषधं बनवायला शिकणार, ही गोष्ट त्यांनी कधीचीच सगळ्या वॉर्डांत फिरवली होती. कुठे सही करायची एवढंच त्यांनी विचारलं. एकीने आपली सही वाकडी येते म्हणून काळजी केली, तर दुसरीने तिला अंगठाही जोडीला ठोकून दे असं सुचवलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठ जणींचं नक्की झालं.

नववी होती शिवणवाली. फाटक्या चादरींना ठिगळं लावायचं मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर ती बसायची. रोलरच्या उकाड्यात बाकीच्या पदर खोचून घामाने निथळायच्या, आणि ही मनगटापर्यंत बाह्या ओढून शिवत असायची. का, ते कुणी विचारत नव्हतं. तिचा डब्यातला वाटा सगळ्यांत मोठा होता. सगळ्याजणी हात धुवायला गेल्या तेव्हा तिने मशीन थांबवलं.

"ताई, माझ्या घरी पत्र आलं तर ते आधी नवराच फोडतो."

बँकबाई मशीनपाशी येऊन उभी राहिली.

"या वर्षी मी जाणार आहे. बहिणीच्या गावात खोली बघितलीय, एका दुकानात शिवणाचं कामही आहे. तो शुक्रवारी दोन दिवसांसाठी बाहेर जातोय. डब्यातलं माझं मला त्या दिवशी दे. त्याला पैशांचा वास जरी लागला ना, तर पैसेही जातील आणि मीही कुठे जाणार नाही." मग तिने विचारलं, "माझं नाव नाही घातलं तर पोरीचं अडेल का गं?"

"छे," बँकबाई म्हणाली. "आठ जणींचं पुरे आहे."

हे खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. संध्याकाळी तिने गेटबाहेरून कारकुनाला फोन लावून पाहिला. त्याने ऐकून घेतलं, हळहळलाही, पण एक वाटा जुळत नसेल तर कागद पाठवूच नका म्हणाला.

घरी आल्यावर मुलीने सह्यांचं विचारलं. बँकबाई आधी भांड्यांशी खुडबुड करत राहिली. मग मुलगी खोदून खोदून विचारायला लागली तेव्हा तिने सगळं सांगितलं. मुलगी हुशार होती, तिने लगेच तोड काढली. शिवणवालीचा वाटा दुसऱ्या कुणाच्या नावावर दाखवायचा. बँकबाईने मान हलवली. प्रेमाने खरी सही द्यायला निघालेल्या बाईकडून खोट्या प्रतिज्ञेवर सही मागायची आणि उद्या प्रकरण निघालं तर तिची नोकरी घालवायची, हे तिला जमणारं नव्हतं.

"मग शिवणवाल्या मावशीलाच सांग ना, माझं काय होतंय ते. ती करेल सही."

"करेल ती. म्हणूनच सांगायचं नाही."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "तू नऊ जणींची बँक," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "माझी कोण?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात निदान आपण स्वतः पडायचं असतं. इथे दोन्हीकडे दुसरंच माणूस पडणार होतं आणि कोण पडणार ते तिने ठरवायचं होतं. ठरवायचं तरी काय? तिने ते त्या मशीनपाशीच ठरवून टाकलं होतं, पोटच्या पोरीला न विचारता. याची तिला लाज वाटत होती, आणि पुन्हा वेळ आली तर आपण तेच करू हेही तिला कळत होतं. मधले दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. मुलीने वसतिगृहासाठी आणलेली नवी बॅग कपाटावर टाकून दिली.

शुक्रवारी बँकबाईने अर्धी रजा टाकली आणि शिवणवालीला घेऊन बँकेत गेली. आत शिरताना पाहते तर मुलगी दारात उभी. कशाला आलीस असं विचारायची बँकबाईची हिंमत झाली नाही. तिला भीती वाटली की पोरगी आता तोंड उघडणार. पण मुलीने नुसती शिवणवालीच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी हलकीच होती. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून शिवणवाली बाजाराला निघाल्यासारखी निघाली होती. दोन लुगडी, एक कात्री, बस्स.

पैसे तिने तिथल्या तिथे पदराआड घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढे पैसे हातात धरल्यावर तिचं तिलाच हसू आलं. स्टँडपर्यंतच्या वाटेत ती खूप बोलली. खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे, मशीन बहीण देणार आहे, दाराला आतून कडी आहे हे तिने दोनदा सांगितलं. मुलगी ऐकत होती. कडीचं दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बस लागलेलीच होती. शिवणवाली खिडकीपाशी बसली, मुलीने पिशवी आत दिली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केल्यावर शिवणवालीने काच सरकवून डोकं बाहेर काढलं.

"अगं, माझ्याच गडबडीत विचारायचं राहिलं. कॉलेजचं काय झालं तुझ्या?"

बँकबाईने तोंड उघडलं. इतके दिवस खोटं रेटून नेलं होतं, पण आता पोरीच्या देखत तिला ते जमेना.

"झालं, मावशी," मुलगी म्हणाली. "मिळाली मदत. सगळी मिळाली."

शिवणवालीचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने पदराआड हात घातला, गड्डीतली एक नोट ओढून काढली आणि खिडकीतून वाकून मुलीच्या तळहातावर ठेवली. मुलगी नको नको म्हणत असतानाच तिने तिची बोटं एकेक करून मिटवली.

"पहिल्या दिवशी चांगलं पेन घे. मावशीकडून."

बस फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. कॉलेजची खिडकी बंद व्हायला अजून थोडा वेळ होता. दोघी स्टँडवर उभ्या राहिल्या. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती. थोड्या वेळाने बँकबाईने मुलीचा हात धरायला आपला हात पुढे केला, तर मुलीची मूठ मावशीने मिटवली होती तशीच मिटलेली होती. तेव्हा तिने त्या मुठीलाच धरलं आणि दोघी घराकडे चालायला लागल्या.