बादलीतलं बिनफळाचं झुडूप

शिंपीणबाईंना बिनकामाचं काही डोळ्यांसमोर खपत नसे. त्यांच्या खिडकीखाली एकाच जातीची दोन झुडपं होती. एक थंडीत मण्यांसारख्या लाल फळांनी लगडायचं. दुसऱ्याला इतक्या वर्षांत एकही मणी धरला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई दिवसभर ते मणी आणि त्यांवर येणारी पाखरं बघत पडायच्या. तेवढाच विरंगुळा.

यंदाचे मणी संपले तसं बाईंनी रिकामं झुडूप मुळासकट उपटून फाटकाबाहेर टाकलं.

दोन दिवसांनी रोपवाटिकेचा माळी सदरा दुरुस्तीला घेऊन आला. खड्डा बघून थबकला.

"बाई, अहो तो नर होता. मधमाश्यांनी त्याचे पराग आणले, तरच या मादीला फळ धरतं."

बाई धावत फाटकापाशी गेल्या. जागा रिकामी.

"दुसरा आणून देता?"

"देईन. पण फुलायला तीनेक वर्षं लागतील."

सासूबाईंकडे तीन वर्षं होती का?  घरात कळू न देता बाईंनी खड्डा बुजवून टाकला.

पुढे झुडूप पांढरं फुललं. "आता मणी धरतील," सासूबाई म्हणाल्या. बाईंनी मान वर न करता शिवणयंत्र जोरात चालवलं.

फुलं गळली आणि देठांवर हिरवे दाणे दिसले. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग स्टुलावर चढून शेजारच्या भिंतीपलीकडे डोकावल्या. निवृत्त पोस्टमनकाका एका फुटक्या बादलीत पाणी घालत होते. बादलीत तेच झुडूप.

"काका, हे कुठनं आणलंत?"

"तुमच्याच फाटकापासनं. मुळं ओली होती, तसंच टाकून येववेना. फळबिळ देत नाही हं, पण असू दे बिचारं. परत हवंय का?"

"नको, लागलंय तिथे राहू दे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तुमच्यामुळे आमची खिडकी वाचली, काका."

काकांना काही कळेना. बाईंनी स्टुलावरूनच सगळं सांगितलं.

थंडीत मणी लाल झाले. "ते दुसरं झुडूप दिसत नाही, काय केलंस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"घोळ केला, आई. काकांनी निस्तरला."

हकीकत ऐकून सासूबाई इतक्या हसल्या की पाखरं उडाली. "मग भरलेली फांदी आधी त्यांना दे. आणि कात्री जपून चालव, बाई."

बाईंनी कात्री उचलली. कुठली फांदी कापावी हे काही त्यांना बराच वेळ ठरवता येईना.