हितं दाब

ईस्टरच्या सुट्टीला ऑदून ओस्लोहून बेटावर घरी आला, तेव्हा खिडकीतली मेणबत्ती नेहमीसारखी तेवत होती. पण शेजारचा कॉम्प्युटर मात्र विणलेल्या रुमालाखाली झाकलेला होता, आजाऱ्याला पांघरूण घालावं तसा.

"मी बिघडवला," त्याची आई ओद्नी म्हणाली. "तुझ्या बाबांची वस्तू. आधी वाफल खाऊन घे, मग काय रागवायचं ते रागव."

ऑदूनला आईचा नेम माहीत होता. सकाळी मेणबत्ती लावायची, एक स्तोत्र म्हणायचं आणि मग कॉम्प्युटर उघडून बाहेरच्या खडकापाशी वारा कसा आहे ते बघायचं. त्या खडकापाशी शूर, म्हणजे ऑदूनचे बाबा, जन्मभर कॉड मासे धरायला गेले. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, होडीही विकून झाली होती. तरी वारा जोराचा असला की ओद्नी हळूच म्हणायची, "आज नको रे जाऊस." मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

कॉम्प्युटरवरची एकच गोष्ट शूरनी तिला शिकवली होती: पडद्यावरचं निळं अक्षर. त्याच्याखालचं कंपनीचं नाव खोडून त्यांनी आपल्या किनाऱ्याच्या बोलीत लिहून ठेवलं होतं, 'ओद्नी, हितं दाब.' हितं दाबलं की वारा दिसायचा. ओद्नी त्यालाच इंटरनेट म्हणायची.

ते अक्षरच नाहीसं झालं होतं. त्याच्या जागी एक रुंद पान आलं होतं. त्यावर ओळीनं रंगीबेरंगी चिन्हं मांडली होती आणि वर लिहिलं होतं, आपला ब्राउझर निवडा. बिचारीनं घाबरून रुमाल टाकला, आणि नेम मोडला.

ऑदूननं रुमाल उचलला आणि वाफलचा घास त्याच्या तोंडातच राहिला. हे पान त्याचंच होतं. ब्राउझर बनवणाऱ्या ओस्लोतल्या त्याच्या छोट्या कंपनीनं समुद्रापलीकडच्या बलाढ्य कंपनीविरुद्ध ब्रुसेल्सला, युरोपीय आयोगाकडे, मक्तेदारीची तक्रार केली होती. ती कंपनी आपला ब्राउझर, म्हणजे तेच निळं अक्षर, प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात जन्मापासूनच घालून देते. दुसरेही असतात हे लोकांना कळणार कसं, असं यांचं म्हणणं. त्या सुनावण्यांत ऑदूनची कित्येक वर्षं गेली. एकदा तर साक्षीत त्यानंच उदाहरण दिलं होतं, की माझ्या माहितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना ते निळं अक्षर म्हणजेच अख्खं इंटरनेट वाटतं. वकील गालातल्या गालात हसले होते. शेवटी निकाल यांच्या बाजूनं लागला, लोकांपुढे निवडीचं पान आलं आणि ऑफिसात सगळ्यांनी केक खाल्ला.

त्यानं आईला सगळं सांगून टाकलं. उदाहरणसुद्धा लपवलं नाही.

"म्हणजे ती म्हातारी मी?"

"नाव नव्हतं घेतलं."

"तेवढी लाज राखलीस. मला ब्रुसेल्सला नेऊन आणलंस, आणि साधं चॉकलेट नाही आणलंस."

ऑदून हसला, पण त्याला आईच्या डोळ्यांकडे बघवेना. त्यानं तिला समजावलं, की ही सगळी दारंच आहेत; कुठूनही बाहेर पडलं तरी समुद्र तोच, वाराही तोच. तिनं चष्मा लावून सगळी चिन्हं नीट बघितली आणि विचारलं, "यातलं तुझं कुठलं?"

त्यानं लाल चिन्ह दाखवलं.

"छान आहे. तुझी लहानपणची टोपी अशीच होती," ती म्हणाली आणि तिनं माउसवर हात ठेवला. बाण सावकाश लालकडे सरकू लागला. ती लेकासाठी निघाली होती, हे ऑदूनला कळलं. एवढी वर्षं तो याच क्षणासाठी तर भांडला होता. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण त्यानं आईच्या हातावर हात ठेवला.

"माझ्यासाठी नको, आई. तुला हवं ते घे."

"मला काय हवंय ते विचारायला एवढे वकील लागले होय रे?" ती पुटपुटली. मग चाचरत म्हणाली, "निळं घेतलं तर तुला वाईट वाटेल?"

"थोडं वाटेल," तो म्हणाला. "घे तू."

तिनं निळं घेतलं. ऑदूननं प्रतिस्पर्ध्याचं ते अक्षर हातानं ओढून जुन्या जागी आणून बसवलं, खालचं नाव पुसलं आणि लिहिलं, 'ओद्नी, इथे दाब.'

ओद्नीनं मान हलवली. "असं नव्हतं. हितं. 'इथे' तो कधी म्हणालाच नाही. माझे वडील मास्तर ना, ते टोकायचे त्याला, तर मुद्दाम जास्तच म्हणायचा."

ऑदूननं खोडून पुन्हा लिहिलं. हितं. आता ओस्लोत त्याच्याही तोंडात हा शब्द यायचा नाही. लिहिताना बाबांचा आवाज जवळून आल्यासारखा वाटला आणि तो जरा थांबला. मग त्यानं माउस आईकडे सरकवला.

तिनं दाबलं. खडकापाशी वारा जवळजवळ नव्हताच. तिनं ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मेणबत्तीच्या दिशेनं, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली,

"वारा पडलाय. ये जाऊन, सावकाश."