पलीकडच्या कडेचा माणूस

"ताठ धर गं, झोळ पडतोय," मर्ल पोर्चवरून ओरडला.

मी स्वयंपाकघरात शेगडीपाशी साखळीचं एक टोक धरून उभी होते. दुसरं टोक त्याच्या हातात होतं. आमच्या घराची शेगडी ते पोर्चची पायरी हे अंतर बरोबर दहा यार्ड भरतं. घर घेताना लोक छप्पर गळतं का ते बघतात, शेजार कसा आहे ते विचारतात. मर्लने हे अंतर बघून घर घेतलं असावं, असा माझा जुना संशय आहे. वेल्डन कॉलेजचा घरच्या मैदानावर सामना असला की आदल्या शुक्रवारी तो साखळी घरी आणायचा. आम्ही दोघं ती ताणून धरायचो आणि तिच्या कड्या सैल पडल्या नाहीत ना, हे तो पोलादी टेप लावून बघायचा. तेवढा वेळ शेगडीवर काही उतू गेलं तरी मी जागची हलायचं नाही, असा नियम होता.

"झालं का? माझे रोल करपतील."

"एक मिनिट."

"तुझं मिनिट मला ठाऊक आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. साखळी नेहमी बरोबरच असायची. पण त्या संध्याकाळी त्याने ती गुंडाळून पिशवीत टाकली नाही. मांडीवर घेऊन तो पायरीवर बसून राहिला. दालचिनीचे रोल भट्टीतून काढून मी बाहेर आले, तरी तसाच बसला होता.

"उद्या थंडी पडणार आहे," मी म्हणाले.

"कार्व्हरच्या सामन्याला पडतेच," तो म्हणाला.

मर्ल काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ सारणारा ट्रक चालवायचा. आठवडाभर तो गावाचा नोकर असे, पण शनिवारी दुपारी मैदानाच्या कडेला साखळी धरून उभा राहिला की तो कोणाचाच नसे. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. ते दहा यार्ड म्हणजे मर्लची साखळी. दोन टोकांना दोन दांडे, दांड्यांना धरून दोन माणसं. पंचाला शंका आली की साखळी मैदानात न्यायची आणि मोजून दाखवायचं. हे काम गावातलीच माणसं करतात, हौसेने. नियम एकच, ओरडायचं नाही. टाळी नाही, हसू नाही, अंगावर कॉलेजचा निळा रंग नाही. आणि उभं राहायचं ते पाहुण्या संघाच्या कडेला, त्यांच्या खेळाडूंच्या आणि त्यांच्या शिव्यांच्या मधोमध.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी त्याच्यासाठी निळा मफलर विणला. त्याने तो हातात घेतला, छान आहे म्हणाला आणि ट्रंकेत ठेवला. तेव्हापासून मी सगळे सामने एकटीने पाहिले. मी घरच्या गॅलरीत, तो समोरच्या कडेला. वडिलांची बदकं टिपायची दुर्बीण होती, ती गळ्यात अडकवून मी जायची. लोक चेंडू बघायचे आणि मी पिवळ्या बंडीतला माझा नवरा बघायची. त्याने नाक पुसलं, गुडघा चोळला, सगळं मला इथून दिसायचं. शेजारच्या बायकांचे नवरे त्यांच्या खांद्यावर हात टाकून आरडाओरडा करायचे. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मर्लला तर गप्प राहायची इतकी सवय जडली की मुलीच्या लग्नातही तो टाळी वाजवण्याआधी इकडेतिकडे बघत होता.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आमचं कॉलेज आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा जुना गट सोडून मोठ्या गटात जाणार अशी बातमी आली, तेव्हा मला आनंदच झाला. टीव्हीवाल्यांना आम्ही हवे होतो म्हणे. चाळीस मैलांवरचं, नदीपलीकडचं कार्व्हर त्यांना नको होतं. आमच्या गावात मोटारींचे भोंगे वाजले. पुढच्या आठवड्यात मुलींचा पोहण्याचा संघ बंद झाला, कारण आता प्रत्येक स्पर्धेला विमानाने जावं लागणार आणि पैसा फुटबॉलला लागणार. तेव्हा भोंगे वाजवणारे कोणी काही बोलले नाहीत. मीही नाही बोलले.

मग खेळ विभागातली केंडल नावाची मुलगी आमच्या घरी आली. गोड होती बिचारी. वाईट बातमी सांगायला तिलाच पाठवत असावेत.

"नवा गट साखळीसाठी स्वतःची माणसं आणतो," ती म्हणाली. "म्हणजे, शिकवून तयार केलेली. हा हंगाम तुम्हीच करा. पण पुढच्या वर्षीपासून..." तिने माझ्याकडे बघितलं. "पुढच्या वर्षीपासून मध्यरेषेजवळच्या दोन खुर्च्या तुमच्या. कायमच्या. कॉलेजकडून."

"बरं," मर्ल म्हणाला.

मी त्या मुलीला मिठी मारली. ती गेल्यावर मर्ल म्हणाला, "कार्व्हरशी सामना होणार नाही आता."

"दुसऱ्या कोणाशी होईल की."

"होईल," तो म्हणाला आणि ट्रकचं तेल बघायला गेला.

कार्व्हर म्हणजे आमचे हाडवैरी. ते बीट पिकवतात आणि आम्ही मेंढ्या पाळतो. आमच्या मैदानावर आले की ते मेंढरासारखे बें-बें करतात. आमची पोरं त्यांच्या बसवर बीट फेकतात. कार्व्हरच्या मुलाशी लग्न केलं म्हणून माझ्या मावशीशी आजोबा तीन नाताळ बोलले नव्हते. पण मर्ल त्यांच्या कडेला उभा राहायचा ना, त्याची गोष्ट वेगळी. तिथे कार्व्हरचा गिब नावाचा माणूस होता. खेळाडूंचे मुरगळलेले पाय बांधायचा, पाणी द्यायचा. एका वर्षी फार गारठा होता, तेव्हा गिबने मर्लला आपले जाड हातमोजे दिले. मी ते परत पाठवले ते रोल भरून. पुढच्या खेपेला गिबच्या बायकोने व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बिटांची बरणी धाडली. तेव्हापासून कार्व्हर आमच्याकडे आलं की रोल जायचे आणि बीट यायची. मी गिबला फक्त दुर्बिणीतून ओळखत होते. बुटका, कानटोपी घातलेला, सतत बोलणारा. मर्ल त्याच्याकडे न बघता ऐकायचा आणि बंडीच्या आत त्याचे खांदे हलायचे. हसायला बंदी होती, म्हणून तो खांद्यांनी हसायचा. हे फक्त मला माहीत होतं.

शेवटच्या सामन्याला सगळं गाव लोटलं. थंडीने नाकं लाल झाली होती. चौथ्या डावात आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि वेळ संपत आली होती. चौथा, शेवटचा प्रयत्न. आमचा पोरगा चेंडू पोटाशी धरून ढिगाऱ्यात घुसला. ढिगारा उपसल्यावर पंच वाकून बघत राहिला आणि मग त्याने पलीकडच्या कडेला हात केला.

मर्ल साखळी घेऊन मैदानाच्या मध्यावर आला. सगळं मैदान चिडीचूप झालं. दुर्बिणीत त्याचा चेहरा बर्फ सारताना असतो तसाच होता. साखळी जमिनीवर टेकली, ताणली. चेंडूचं टोक दांड्याच्या अलीकडे राहिलं. मूठभर, फार तर. पंचाने दोन्ही हातांनी ते अंतर दाखवलं आणि कार्व्हरचे लोक बें-बें करायला लागले.

मग आमच्या गॅलरीतून जो गलका उठला तो काही पंचासाठी नव्हता. "ए मर्ल, टोपी काढ डोळ्यांवरची!" "बीट खाऊन विकला गेलास का रे!" आमचा वाणी, आमचा पोस्टमन, सगळे उभे राहून ओरडत होते. आणि मीही. मला माहीत होतं की साखळी बरोबर आहे, शेगडीपाशी मीच धरली होती. तरी मी खुर्चीवर चढले आणि जीव खाऊन ओरडले, "आंधळा झालास का रे, मेल्या!"

त्याने मान वर केली नाही. साखळीला झोळ न पाडता तो परत आपल्या कडेला गेला.

सामना संपल्यावर लोक गवतावर उतरले. मीही उतरले. बुटका, कानटोपीवाला माणूस मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे आला. त्याच्या हातात बरणी होती.

"दालचिनीवाली तूच ना?"

"आणि तू गिब."

"जवळून बरी दिसतेस. तुझा नवरा म्हणाला होता, आवाजावरून ओळखशील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिब मात्र हसला नाही. बरणी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "ही माझ्या बायकोकडून, आर्लीनकडून. शेवटची नाही हां, असं सांगायला सांगितलंय तिने. कधी या नदी ओलांडून."

"येऊ की," मी म्हणाले. येऊ म्हणणारी माणसं येत नाहीत हे आम्हा दोघांनाही कळत होतं. चाळीस मैल काही लांब नाहीत, पण जायला निमित्त लागतं.

मर्ल दांडे खांद्यावर घेऊन आला. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मैदानाबाहेर समोरासमोर उभं राहायची सवय त्यांना नव्हती. दोघंही जमिनीकडे बघत होते.

"तुमच्याशी आता कोण खेळणार?" मर्लने विचारलं.

"मिळेल कोणीतरी. खेळायला काय, कोणीही मिळतं," गिब म्हणाला. "शिव्या देण्याइतकी ओळख व्हायला मात्र वेळ लागतो."

"मूठभरच कमी होतं."

"बघितलं मी. इतकी वर्षं बघतोय, मर्ल. तू आम्हाला कधी फुकट काही दिलं नाहीस. म्हणून तर तुझ्या शेजारी उभं राहायचो."

मर्लने मान डोलावली. मग त्याने हातातले जाड हातमोजे काढले आणि गिबपुढे धरले. त्या जुन्या गारठ्यात मी रोल भरून परत पाठवले होते, तेच. कधीतरी ते पुन्हा याच्याकडे आले असणार. मला माहीत नव्हतं. गिबने ते घेतले नाहीत, नुसते मर्लच्या छातीकडे परत ढकलले आणि बसकडे गेला. आमच्या पोरांनी त्या दिवशीही बसवर बीट फेकली. मर्ल बस वळेपर्यंत बघत उभा होता.

आम्ही गाडीत बसून घरी निघालो.

"मी ओरडले ते ऐकलंस?" मी शेवटी विचारलं.

"हो."

"एवढ्या गर्दीत?"

"रोजच ऐकतो," तो म्हणाला. "म्हणजे, शनिवारी. तिथे उभं राहिलं की सगळा गोंगाट एकसारखा येतो. त्यात तुझा तेवढा वेगळा येतो. बरं वाटतं."

मी खिडकीबाहेर बघितलं. डोळे भरून आले होते आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

नव्या गटातला पहिला सामना सप्टेंबरात, गुरुवारी झाला. शनिवार टीव्हीवाल्यांनी दुसऱ्या कोणाला दिला होता. आदल्या संध्याकाळी मी शेगडीपाशी रस्सा ढवळत होते आणि मर्ल पोर्चच्या पायरीवर उभा होता. त्याचे हात मोकळे होते. मीही उगाच गॅस बारीक करून त्याच्याकडे बघत राहिले. मग तो आत येऊन जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी निघताना मी ट्रंकेतून मफलर काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास मारत होता आणि एका कडेला कसरीने खाल्ला होता. मर्लने मुकाट्याने गळ्याभोवती गुंडाळला.

खुर्च्या खरंच छान होत्या. पाठ टेकायला गादी होती. पाहुणा संघ पार समुद्रकाठच्या कुठल्याशा कॉलेजचा होता. त्यांच्याबरोबर मूठभर लोक आले होते, छान कपडे घातलेले. त्यांना कशावरून चिडवायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आमची पोरं थोडा वेळ बीट बीट ओरडली, मग आपोआप थांबली.

पहिले गुण आम्हीच मिळवले. सगळी गॅलरी उठली. मर्लही उठला, कारण समोरचे उठल्यावर दिसेना. हात मात्र त्याने खिशातच ठेवले.

"ओरड की आता," मी म्हणाले. "आता कोण बघतंय?"

त्याने तोंड उघडलं. घसा खाकरला. "जमत नाही गं," तो म्हणाला आणि कसनुसा हसला. इतक्या वर्षांत मैदानावर तो पहिल्यांदाच हसला आणि खांदे जराही हलले नाहीत.

"तू का ओरडत नाहीस?" त्याने विचारलं.

खरंच की. मी ओरडलेच नव्हते. कोणासाठी ओरडायचं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या डावात पंचाने पलीकडच्या कडेला हात केला. मोजणी होती. मर्ल झटकन उभा राहिला, एक पाऊल पुढे टाकलं आणि गुडघा समोरच्या खुर्चीवर आपटला. पुढच्या बाईने वळून बघितलं. "माफ करा हां," म्हणत तो खाली बसला आणि मफलर नीट करू लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याला ते आवडलं नसतं.

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. ती सवयीने पलीकडच्या कडेलाच गेली, जिथे नेहमी जायची तिथे. पिवळ्या बंडीतला एक तरुण साखळी घेऊन मैदानात निघाला होता. दांडा सरळ धरला होता, चालही बरी होती. त्याच्या मागे पाहुण्यांचा पाणी देणारा माणूस उभा होता. तो त्याच्याशी बोलत नव्हता. मी दुर्बीण डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पार गोलाच्या खांबापर्यंत नेऊन परत आणली.

मर्ल शेजारीच बसला होता. त्याचा हात माझ्या हाताला लागत होता, मफलरला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आणि मला त्याची फार आठवण आली.