दोरीवरचा माणूस

मित्रांनो, घंटा म्हटली की तुम्हाला देऊळ आठवते, नाहीतर शाळा सुटल्याचा आनंद. मी त्यातली नव्हे. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका साखर कारखान्यातली मी जुनी घंटा आहे. माझा आवाज ऐकून कुणी हसल्याचे मला आठवत नाही.

एकोणीसशे चौतीस साली पुण्यातल्या एका ओताऱ्याने मला ओतले. अंगावर नक्षी नाही, नाव नाही. नुसते जाड कासे. आगगाडीने बारामतीला आले आणि तिथून बैलगाडीत पोत्यांवर बसून कारखान्यात. गव्हाण आणि इंजिनघर यांच्यामधल्या भिंतीत उंचावर एक झरोका होता, त्यात मला टांगले. गव्हाण म्हणजे ऊस वाहून नेणारा चालता पट्टा. माणसे दोन्ही बाजूंना उभी राहून त्यावर उसाच्या मोळ्या टाकतात. पट्टा तो ऊस सुऱ्यांकडे नेतो, सुऱ्या तुकडे करतात आणि मग चरक रस काढतो. हे सगळे चालवणारे इंजिन भिंतीपलीकडे होते, आणि तिथून गव्हाण दिसत नसे. म्हणून मी. एक टोला म्हणजे थांबव, दोन म्हणजे चालू कर. थांबवण्याचा टोला एकच ठेवला होता, कारण माणूस अडकला तर दुसऱ्या टोल्याला वेळ नसतो.

माझी दोरी कळसच्या महिपतीआबांच्या हातात असे. उंच फळीवर उभे राहून खालच्या आठ माणसांचे हात बघत राहायचे, एवढेच त्यांचे काम. पाळी बारा तासांची. तंबाखू मळतानासुद्धा आबांचे डोळे खालीच असत. कुणीतरी चेष्टेने म्हणायचे, "आबा, बरं हाय तुमचं! नुसतं उभं ऱ्हायचं."

"तुजी बोटं मोजतुया रं," आबा म्हणायचे. "धा हायती अजून."

तीन हंगामांत कुणाचे नखसुद्धा गेले नाही. मला वाटे, हे माझेच कर्तृत्व. घंटाच मी, आवाज मोठा आणि आतून पोकळ!

चौथ्या हंगामात साखरेचा भाव पडला. मॅनेजर आप्पासाहेब छत्री टेकत गव्हाणीवर आले आणि आठांची पाच माणसे करून गेले. जाताना त्यांनी आबांकडे बोट दाखवले. "हा माणूस काय करतो?"

"दोरी धरतो, साहेब."

"दोरी खांबाला बांधा. ज्याला गरज पडेल तो ओढील."

आबांना घरी धाडले. दोरी त्यांनी स्वतःच खांबाला बांधली, सगळ्यांच्या हाताला येईल अशी. मग पागोटे सारखे केले आणि मागे न बघता निघून गेले. मला फार वाईट वाटले.

इथूनच घोटाळा सुरू झाला. दोरी आता येण्याजाण्याच्या वाटेवर लोंबत होती. वर घंटा, खाली दोरी आणि माझ्या कपाळावर गव्हाणपूजेचे हळदकुंकू. अशी घंटा दिसल्यावर आपल्या माणसाचा हात खाली राहतो होय? पाळीवर येणारा एक टोला देऊन हात जोडायचा, पाळी सुटलेला एक टोला देऊन जायचा. दर वेळी इंजिन थांबे. इंजिनवाला हिंदुराव घाबरून बाहेर धावत येई, तर समोर कुणीतरी डोळे मिटून उभा. दत्तोबा फिटरने लोकांना बजावून पाहिले. चार दिवस ऐकले त्यांनी. पाचव्या दिवशी हात पुन्हा आपोआप वर गेला.

आप्पासाहेबांनी हिंदुरावाला दम भरला, "आणखी एकदा उगाच इंजिन थांबलं, तर तूही घरी." हिंदुराव मनाचा वाईट नव्हता, पण भित्रा होता. त्याने मनाशी ठरवून टाकले, लागोपाठ वाजली तरच थांबवायचे. हे त्याने कुणाला सांगितले नाही. मला मात्र झरोक्यातून रोज दिसत होते. मी वाजायची आणि तो दुसऱ्या टोल्याची वाट बघायचा.

दत्तोबा कामगारांच्या युनियनचा चिटणीस होता. तो अर्ज घेऊन आप्पासाहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, दोरीवर माणूस द्या. आन् आठांचं काम पाचांच्यानं हुत न्हाय. बारा तासांनी माणूस उभ्यानं पेंगतुया."

"पाच जण तिथं असतातच ना? कुणीही ओढील."

"त्यांचं हात उसात असत्यात, साहेब. ओढायला तिसरा हात कुठनं आणायचा?"

"हंगाम संपल्यावर बघू."

हंगाम संपायला अजून दोन महिने होते.

पणदऱ्याची कुशाबाई आणि तिचा नवरा सोपान त्या पाचांतलेच. माघातली दुपार होती, पाळीचा अकरावा तास. मोळी टाकताना कुशाबाईचा तोल गेला आणि पदराचे टोक पट्ट्याच्या साखळीत सापडले.

"अगं, पदर!" सोपान ओरडला. त्याने झेप घेऊन दोरीला हिसका दिला आणि लगेच वळून तिच्या कमरेला मिठी घातली. ती ओढली जात होती. आता तिला सोडून दुसरा टोला द्यायचा तरी कसा?

मी वाजले, मित्रांनो. इतक्या जोराने मी कधीच वाजले नव्हते. पलीकडे हिंदुरावाने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि तो वाट बघत राहिला. बिडी पेटवायला लागतो, तेवढाच वेळ. मग माणसांच्या किंकाळ्या भिंतीवरून आल्या आणि त्याने इंजिन थांबवले. तोवर कुशाबाईचा उजवा हात कोपरापासून सुऱ्यांत गेला होता.

हिंदुराव धावत गव्हाणीवर आला. त्याने पाहिले आणि तो मटकन खाली बसला. "ऐकली म्या," तो म्हणाला. "म्या ऐकली. मला वाटलं, कुणीतरी पाया पडलं."

त्याला कुणी मारले नाही आणि कुणी उठवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी संप झाला. फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली आणि ऊस उन्हात वाळू लागला. पाचव्या दिवशी आप्पासाहेब नमले, पण अर्धेच. "दोरीवर माणूस देतो. मात्र तो या पाचांतलाच. जास्तीचा एकही मिळणार नाही." दत्तोबा आणखी ताणायला तयार होता, पण लोकांच्या घरातले पीठ संपले होते. मान खाली घालून सगळे कामावर आले. उरलेला हंगाम दत्तोबाने आपले काम सांभाळून जमेल तशी दोरी धरली.

नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी कुशाबाई फाटकात येऊन उभी राहिली. चोळीची उजवी बाही दुमडून शिवलेली होती.

"पाचवी मीच हुते, साहेब," ती आप्पासाहेबांना म्हणाली. "दोरी वढाया येकच हात लागतुया."

आप्पासाहेबांना नाही म्हणता आले नाही. ती आबांच्या फळीवर चढली. खाली आता चारच माणसे होती आणि त्यांत सोपान. आठांचा ऊस ते चौघे टाकत होते.

तिसऱ्या दिवशी तिने एक टोला दिला. हिंदुरावाने पहिल्याच टोल्याला इंजिन बंद केले. आप्पासाहेब धावत आले. "कुणाचा हात गेला?"

"कुणाचाच न्हाय."

"मग वाजवलीस कशाला?"

"ह्यांचं डोळं मिटाया लागलं हुतं," कुशाबाई म्हणाली. "वाईच बसू द्या त्यांस्नी. म्या दोन टोलं दिल्याबिगर इंजान हालायचं न्हाय."

आप्पासाहेबांनी इंजिनघराकडे पाहिले. हिंदुराव हात मागे बांधून दारात उभा होता. चौघे जण उसाच्या मोळ्यांवर बसले. सोपानने डोके गुडघ्यांत घातले आणि बराच वेळ वर काढले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही आप्पासाहेबांच्या खुर्चीवरही बसतील. एखादा माणूस कामावर नुसताच उभा दिसला, तर त्याला घरी धाडण्याआधी एवढेच करा. तो कुणाकडे बघतो आहे, ते आधी बघा.