भिंतीपलीकडे कोण

रॉयस हॅगन गेला तेव्हा त्याचे सगळे भाऊ गावातच होते. रक्ताचे नव्हेत, बंधुमंडळातले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हातात मेणबत्ती धरून 'एकमेकांना अंतर देणार नाही' अशी शपथ घेतलेले.

मंडळाचं पूर्वी स्वतःचं घर होतं. छत गळायला लागलं तेव्हा जुन्या सभासदांनी ते विकून टाकलं आणि मुलं गावभर पांगली. कोणी बेकरीच्या माडीवर, कोणी रेल्वेरुळांपलीकडे, कोणी कुणाच्या तळघरात. बैठकीपुरतं चर्चचं तळघर मिळायचं. रॉयस कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत एकटाच राहायचा. फेब्रुवारीत हिमवादळ आलं, आयोवातले सगळे रस्ते बुजले, कॉलेज बंद पडलं. मंडळाचा अध्यक्ष एमेट शुल्त्सला वाटलं, रॉयस मंडळातल्याच टलीकडे गेला असेल. टलीला वाटलं, तो वादळाआधीच आईकडे पोचला असेल. रस्ते मोकळे झाल्यावर दुकानाच्या मालकिणीनं त्याचं दार उघडलं. मेंदूज्वर, असं डॉक्टर म्हणाले. कोणी वेळेवर आणला असता तर...

रॉयसची आई लेनोरा खोली आवरायला आली. तिच्या मदतीला एमेट गेला. खालची यंत्रं घरघरत होती, जमीन कोमट लागत होती आणि सगळीकडे साबणाचा वास. आई स्वेटरांच्या घड्या घालत होती. मालकीण दारात उभी राहून रडायला लागली.

"टकटक ऐकू यायची हो मला. भिंतीवर, मग पाइपावर. मला वाटलं, कपडे वाळवायचं यंत्र बिघडलं. दुरुस्तीला माणूस बोलावणार होते मी, पण रस्तेच बंद."

लेनोरानं हातातला स्वेटर खाली ठेवला. पलंगाशेजारच्या भिंतीचा रंग एका जागी खरवडला होता. तिथं तिनं तळवा टेकला.

"पलीकडे कोण राहतं?"

"कोणी नाही," मालकीण म्हणाली. "सामानाची खोली आहे."

त्यानंतर एमेटला ती टकटक ऐकू यायला लागली. आधी स्वतःच्या खोलीत, दाढी करताना. मग वर्गात, फळ्यामागून. तीन ठोके, मग थांबून, दम खाल्ल्यासारखं, पुन्हा एक. त्यानं कोणाला सांगितलं नाही. दुःखानं माणसाला काहीबाही ऐकू येतं, असं त्यानं मनाला बजावलं.

पण एका रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात बैठक चालू असताना छताखालच्या पाइपातून तोच आवाज आला आणि बोलता बोलता सगळे गप्प झाले. एमेटनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे पांढरेफटक पडले होते.

"तुलापण?" त्यानं टलीला हळूच विचारलं.

"महिना झाला, भावा," टली म्हणाला. टली म्हणजे मंडळातला वात्रट कार्टा, प्रेतयात्रेतही हसवणारा. "मी तर घरमालकाशी भांडलो. तो म्हणाला, तुझ्या खोलीत पाइपच नाही."

पुन्हा ठोके आले. टली उठला, खुर्चीवर चढला आणि बोटाच्या पेरांनी पाइपावर तीनदा वाजवलं. आवाज थांबला. टली खाली उतरला. "एवढंच हवं होतं त्याला," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं पुढं एकही विनोद केला नाही.

वसंतात जुन्या सभासदांची सभा भरली. मुलांनी घर मागितलं. लोकस्ट रस्त्यावरचं एका डॉक्टरांचं जुनं घर विकायला होतं. सभेचे म्हातारे प्रमुख व्हॉइट खुर्चीत रेलले.

"घर कशाला हवंय ते आम्हाला शिकवू नका. आम्हीही तरुण होतो. पिंपभर बिअर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. भाईचारा असायला घर लागत नाही, पोरांनो. तो मनात असतो."

एमेटनं भाषण पाठ केलं होतं, पण ते पहिल्याच वाक्यात अडकलं. मागच्या रांगेतून लेनोरा उठली. ती आल्याचं कोणाला माहीत नव्हतं.

"भाईचारा माझ्या मुलाच्याही मनात होता," ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या मनात होता. मला एकच सांगा. त्यानं भिंत वाजवली तेव्हा पलीकडे कोण होतं?"

व्हॉइट चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मंडळाचं आधीचं घर विकायच्या कागदावर पहिली सही त्यांचीच होती.

ऑगस्टमध्ये मुलं नव्या घरात राहायला आली. भिंती पातळ होत्या, एकाची शिंक तिघांना ऐकू जायची. व्हॉइट स्वतः सुताराला घेऊन आले आणि भिंती जाड करून देतो म्हणाले. मुलांनी नको म्हणून सांगितलं. न्हाणीघरासाठी भांडणं व्हायची, कोणाचं दूध कोण पिऊन टाकायचं, आणि न्याहारीला एखादा दिसला नाही तर कोणीतरी जिना चढून त्याच्या दारावर लाथ घालायचं. टकटक मात्र कोणालाच ऐकू आली नाही. एमेट कधीकधी वाट पाहत बसायचा. आवाज थांबला याचं बरं वाटावं की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

ऑक्टोबरात लेनोरा जेवायला आली. मुलांनी मक्याचं सूप आणि भाजलेलं मांस केलं होतं, थोडं करपलेलं. तिनं मागून घेतलं. जेवण झाल्यावर तिनं विचारलं, "जरा कुठं आडवी होऊ का? लांबून गाडी चालवत आले."

एमेटनं तिला वरच्या टोकाची स्वतःची खोली दिली. खाली मुलांचा दंगा चालला होता, तो त्यांना गप्प करायला वळला.

"नको रे," ती म्हणाली. "चालू दे."

तरी तिला झोप लागावी म्हणून तो सगळ्यांना घेऊन अंगणात पानं गोळा करायला गेला. घरात ती एकटीच. ऊन कलल्यावर तो चहा घेऊन वर गेला, तेव्हा ती पलंगावर बसली होती. डोळे सुजलेले होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी झोप लागलेल्या माणसाचा होता.

"छान झोप लागली. शेजारच्या खोलीतला मुलगा पण झोपला होता ना? सारखी कूस बदलत होता. मग पलंग करकरला, दार लागलं."

एमेटनं चहाचा कप पलंगाशेजारी ठेवला. शेजारची खोली टलीची. टली सकाळपासून त्याच्यासोबत खालीच होता. आताही खिडकीतून दिसत होता, पानांच्या ढिगात उताणा पडलेला.

लेनोरा त्याच्याकडे पाहत होती. तिची नजर खिडकीकडे गेली आणि परत आली.

"उठला का तो?" ती म्हणाली.

"हो," एमेट म्हणाला. "उठला."