मिलकाबाईचा चुकलेला शुक्रवार

उमरग्यात बेने इस्राएलांचं घर एकच, आणि त्या घरात धर्म पाळण्यात मिलकाबाईचा पहिला नंबर. स्पर्धेला दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून नंबर टिकून होता. नवरा सामाजी निजाम सरकारच्या करोडगिरी नाक्यावर कारकून. त्याला जकात तेवढी कळायची, बाकी सगळा आनंद.

भिंतीला पत्र्याचा डबा टांगलेला, मुंबईच्या यहुदी अनाथाश्रमासाठी. दर शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लावण्याआधी त्यात पैसा टाकायचा. एकदा दिवा लागला की शनिवार मावळेपर्यंत पैशाला शिवायचं नाही. 'लग्नापासून एक शुक्रवार चुकला नाही,' हे ती सासूला दर पत्रात कळवायची. आता रविवारी सासूच मुंबईहून येणार होती, जाताना डबा घेऊन जाणार होती.

त्या शुक्रवारी सासूपुढे काय काय मिरवायचं याची उजळणी करता करता तिनं दिवा लावला, डोळे झाकून प्रार्थना म्हटली. डोळे उघडले, तर पैसा पदराच्या गाठीत तसाच!

दिवा तर लागला, आता गाठ सोडता येईना. दुसऱ्याला 'सोड' म्हणावं, तर तेही चालत नाही. तेवढ्यात शेजारची इरम्मा विरजण मागायला आली. मिलकाबाईनं पदर पुढं केला, डब्याकडं पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"काय ग, पदर जळला का?"

"नाही हो इरम्मा. आज शुक्रवार."

"मग? काल बेस्तरवार हुता."

"डबा... उपाशी दिसतोय."

"डब्याला भूक? ताप चढलाय का तुला?" इरम्मानं तिच्या कपाळाला हात लावला. मग गाठ दिसली, तशी हसत सुटली. "अव्वा! इसरलीस व्हय? तुज्या गाठीला म्या न्हाय हात लावनार, तुजा देव मलाच धरंल. पर डबा हाय कुनाचा?"

"आईबाप नसलेल्या पोरांचा."

"मग असं बोल की! मगाधरनं पदर काय नाचवतीस?" इरम्मानं कमरेची चंची सोडली आणि स्वतःचा पैसा डब्यात टाकला.

मिलकाबाई विरजण द्यायचंच विसरली. इतकी वर्षं ती शुक्रवार सांभाळत होती. डब्यामागं पोरं आहेत, हे एका शुक्रवारी तरी मनात आलं होतं का?

रविवारी सासूनं टेकल्या टेकल्या विचारलं, "एकही चुकला नाही ना?"

"एक चुकला," मिलकाबाई भुईकडं बघत म्हणाली. "तो इरम्मानं भरला."

सगळं ऐकून सासू पदर तोंडाला लावून हसली. "बरं झालं बाई! माझे कितीतरी चुकलेत. तुझी पत्रं वाचून जीव नकोसा व्हायचा. ती इरम्मा राहते कुठं? आधी तिला भेटते."